ओरॉन्सेचे शिंपल्यांचे ढीग

ओहोटी लागली की स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या कॉलन्से बेटावरून ओरॉन्सेला चक्क चालत जाता येतं. भरतीच्या आत परतायचं, एवढं भान ठेवायचं.

बेट जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं. किनाऱ्यालगत गवताळ उंचवटे दिसतात. वरून वाळूच्या टेकड्याच वाटतात, पण पोटात नुसते शिंपले! सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, शेती इथे पोहोचण्याआधी, माणसांनी खाऊन टाकलेले.

सगळ्यात जास्त लिम्पेटचे. पालथ्या वाटीसारखा हा जीव खडकाला चिकटून बसतो. बेसावध असताना एक फटका दिला तर सुटतो. चाहूल लागली, की मग बसा झटापट करत.

1880च्या दशकात सिमिंग्टन ग्रीव्ह यांनी इथला एक ढीग खणला. नाव कॅश्तल नान गिलियन, म्हणजे पोरांचा किल्ला. त्यात ग्रेट ऑकची हाडं मिळाली. उडता न येणारा हा समुद्रपक्षी तोवर जगातून संपलाही होता.

खरी गंमत मात्र 1970च्या दशकात झाली. पुरातत्त्वज्ञ पॉल मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिगांतली माती बारीक चाळणीतून काढली. हाती आले सेथ माशाच्या कानातले इवलेसे खडे. मासा वाढतो तसा हा खडाही वाढतो. खड्याच्या मापावरून माशाची लांबी कळते, आणि लहान मासा किती वाढलाय त्यावरून तो कोणत्या ऋतूत पकडला तेही. क्नॉक कॉइगच्या ढिगातले मासे शरद ऋतूतले निघाले, प्रायरीच्या, म्हणजे जुन्या मठाजवळच्या ढिगातले हिवाळ्यातले. म्हणजे एवढ्याशा बेटावरही ऋतूगणिक बसायची जागा वेगळी! तीच माणसं वर्षभर इथे फिरत होती, की होडीने ये-जा करत होती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. होड्या होत्या, हे नक्की. हरणाची हाडं आणि शिंगं समुद्रापलीकडूनच आणावी लागत.

क्नॉक कॉइगमध्ये माणसांचीही हाडं सापडली. रासायनिक तपासणी सांगते, की या लोकांचं पोट जवळजवळ समुद्रावरच भरत होतं. ही हाडं बहुतेक हातापायांची आहेत, बोटांची. एका ठिकाणी ती सील माशांच्या, खरं तर सील या प्राण्याच्या, वल्ह्यासारख्या पंजांच्या हाडांबरोबर होती.

माणसाची बोटं आणि सीलचे पंजे, शिंपल्यांत एकत्र ठेवलेले.