गोळ्यांची पिशवी घेऊन या

नमस्कार श्रोतेहो. कोथरूडच्या एक काकू खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायला माझ्याकडे आल्या होत्या. "औषधं काय चालू आहेत?" म्हटलं, तर "बीपीची गोळी, बाकी काही नाही." एक्स-रेसाठी उठताना सहज म्हणाल्या, "किडनी बदलून तीन वर्षं झाली हो. पण तिचा दाताशी काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो हाडातून जातो.

इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्याला धरून ठेवतं ते आपलं जिवंत हाड. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना ही पकड १९५२ मध्ये सशाच्या हाडात दिसली. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. पकड घट्ट व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात. तेवढ्या काळात काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं घडवतात.

नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली औषधं नेमकी इथे आड येऊ शकतात. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड हाड घडवणाऱ्या पेशींना मंद करतं. सायक्लोस्पोरिन हेही त्यातलंच एक औषध; ते दिलेल्या प्राण्यांमध्ये इम्प्लांटभोवती हाड कमी भरलेलं आढळलं आहे. शिवाय या औषधाने काहींच्या हिरड्या फुगतात, फटीत कीट साठतं आणि त्या सुजेने हाड झिजतं. तरीही अवयव बदललेल्या अनेकांचे इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकलेत. म्हणून अशा रुग्णाला सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही.

मला धास्ती वेगळीच वाटते. दाताचं काम आहे म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करतं. कृपा करून असं करू नका, किडनी गमवाल. कुणी दाढ ठणकते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतं, त्याचा मार किडनीवरच बसतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक तर रक्तातलं सायक्लोस्पोरिन आणि त्याच कामाचं टॅक्रोलिमस धोकादायक वाढवू शकतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन घेतलं असेल, तर तेही सांगा. त्यातल्या काही औषधांनी कधी कधी जबड्याची जखम भरत नाही.

काकूंच्या किडनीच्या डॉक्टरांशी मी फोनवर बोललो. आधी हिरड्या साफ केल्या, मग स्क्रू बसवला आणि वर दात चढवायला पूर्ण सहा महिने थांबलो. आता त्या दर चार महिन्यांनी तपासायला येतात. गोळ्यांची पिशवी आधी टेबलावर ठेवतात, मग खुर्चीत बसतात.