चेंडू कुठे चुकवायचा

मित्रहो, मी हौशी गोल्फर आहे. पुण्यात खेळतो, आणि जगातल्या व्यावसायिक टूर रात्री जागून बघतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, त्यावर आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपण हौशी मंडळी टीव्हीवर मोठ्या खेळाडूंचे उत्तम फटके बघतो आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तसेच मारायला जातो. त्या उत्तम फटक्यांतून शिकण्यासारखं फार थोडं असतं. शिकायचं असेल तर त्यांचे चेंडू चुकतात तेव्हा कुठे जातात, ते बघायला हवं.

सभागृहात गोल्फ न खेळणारेही बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडं हँडिकॅपबद्दल, म्हणजे खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीबद्दल, सांगतो. अठरा होलच्या मैदानाचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागायला हवेत तेवढे फटके, साधारण ७२ असतो. माझ्यासारखा १८ हँडिकॅपचा माणूस ९० फटक्यांत आला, तर हँडिकॅप वजा करून तो पारवर आला असं धरतात. त्यामुळे मी आणि माझ्याहून पुष्कळ चांगला खेळाडू एकाच स्पर्धेत बरोबरीनं उतरू शकतो. २०२० पासून जगभर यासाठी एकच पद्धत लागू झाली. तुमच्या शेवटच्या २० राउंडांपैकी सर्वांत चांगले ८ घ्यायचे आणि त्यांवरून हँडिकॅप काढायचा. मैदान किती अवघड आहे, हेही त्यात धरतात.

आठ चांगले राउंड मोजले जातात आणि बारा बाजूला पडतात, म्हणजे हँडिकॅप ही तुमची सरासरी नाही. तुम्ही चांगले खेळता तेव्हा कसे खेळता, याचं ते माप आहे. १८ हँडिकॅपचा माणूस बहुतेक दिवशी ९० च्या वरच असतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगली माणसं दर रविवारी खंतावून घरी जातात. ९० हा आपला हक्क आहे आणि आज तो कुणीतरी हिरावून घेतला, असं त्यांना वाटत राहतं.

टीव्हीचंही तसंच असतं. स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. दोन दिवसांनंतर कट लागतो आणि साधारण निम्मे घरी जातात. उरलेल्यांपैकी कॅमेरा आघाडीच्या सात-आठ जणांमागे फिरतो. ज्यांचा तो आठवडा आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी एक आहे, तेच आपल्याला दिसतात. वीस फुटांचा पुट, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरून (ग्रीनवरून) लोटलेला चेंडू, आत जातो, पुन्हा वीस फुटांचा, पुन्हा आत. आपल्याला वाटतं, व्यावसायिक खेळाडू वीस फुटांवरून घालतातच. प्रत्यक्षात पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या मुख्य टूरवर, वीस फुटांवरून शंभरातले पंधराच्या आसपास पुट पडतात. दहा फुटांवरून चाळीस. आठ फुटांवर मामला निम्मा-निम्मा. जगातले सर्वोत्तम खेळाडू, गालिच्यासारखी ग्रीन, आणि आठ फुटांवर निम्मे चुकतात! आपला आठ फुटांचा पुट चुकला की आपण पुटर, म्हणजे पुट मारायची काठी, बदलायला दुकानात जातो.

ग्रीनवर येणाऱ्या फटक्यांचंही असंच आहे. फेअरवेवरून, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावरून, दीडशे यार्डांवरून, टूरवरचा खेळाडू मारतो तेव्हा चेंडू होलपासून सरासरी पंचवीस फुटांच्या आसपास थांबतो. अठरापैकी साधारण बारा ग्रीन त्यांना ठरलेल्या फटक्यांत मिळतात आणि सहा चुकतात. या चुकलेल्या सहांमध्येच खरा खेळ आहे, कारण तिथूनही ते दहापैकी सुमारे सहा वेळा पार काढतात. हे त्यांना जमतं ते चेंडू बरोबर जागी चुकलेला असतो म्हणून.

शेतात मूठभर धान्य फेकलं तर दाणे एका जागी पडत नाहीत, त्यांचा एक पट्टा होतो. प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक क्लबचा, म्हणजे मारायच्या काठीचा, असा पट्टा असतो. टूरवरच्या खेळाडूचा ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा, पट्टासुद्धा साठ-सत्तर यार्ड रुंद भरतो. तो हे जाणतो. तो चेंडूसाठी एक बिंदू धरत नाही, पट्टा कुठे ठेवायचा ते ठरवतो. पाणी उजवीकडे असेल तर पूर्ण पट्टाच डावीकडे सरकवतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मी १४ एप्रिल २०१९ ला पाहिलं. ऑगस्टाचा, म्हणजे अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेचा, रविवारचा खेळ एरवी आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचार-पाचला संपतो. त्या दिवशी वादळाचा अंदाज होता म्हणून खेळ लवकर सुरू केला होता, आणि भारतात मध्यरात्रीच्या सुमाराला निकाल लागला. बाराव्या होलवर टायगर वुड्स इटलीच्या मोलिनारीपेक्षा दोन फटक्यांनी मागे होता. हा होल जेमतेम १५५ यार्डांचा, पार तीन. ग्रीन अरुंद आणि तिरकं, अलीकडे रेज क्रीक नावाचा ओढा, आणि रविवारी झेंडा उजव्या बाजूला, जिथे ओढ्याच्या आणि ग्रीनच्या मध्ये जागाच नाही. पुढच्या गटातले कोएप्का आणि पोल्टर, दोघांचे चेंडू पाण्यात गेले होते. मोलिनारीनं मारला, पाण्यात. फिनाऊनं मारला, पाण्यात. वुड्सनं झेंड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, वरून, ग्रीनच्या डाव्या भागात चेंडू ठेवला. तिथून झेंडा कितीतरी लांब होता. दोन पुट, पार. मोलिनारीचे पाच झाले आणि दोन फटक्यांची आघाडी संपली. वुड्सनं त्या दिवशी पंधरावी मेजर, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकली, अकरा वर्षांनंतर. लोकांना सोळाव्या होलवर उतारावरून होलजवळ घरंगळत आलेला चेंडू आठवतो. मला मात्र बारावा होल आठवतो. सगळं करिअर पणाला लागलेलं असताना मधे मारणं ही हिंमतच आहे, आणि गोल्फमध्ये तिला पुरेशी दाद मिळत नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरं उदाहरण आपल्या माणसाच्या पराभवाचं. २०२२ ची प्लेअर्स चॅम्पियनशिप. अनिर्बन लाहिरी, ज्याचा जन्म पुण्यात झाला, तो शेवटच्या दिवशी जिंकण्याच्या उंबरठ्यावर होता. एका फटक्यानं कॅमेरून स्मिथ जिंकला. ही स्पर्धा होते त्या सॉग्रासच्या मैदानाचा सतरावा होल म्हणजे चहूकडे पाणी आणि मधे बेट. स्मिथनं तिथे चेंडू झेंड्यापासून चार फुटांवर टाकला. जगभर त्या फटक्याची वाहवा झाली. आणि नंतर स्मिथनं स्वतःच सांगितलं की त्याला तिथे मारायचाच नव्हता. नेम झेंड्याच्या डावीकडे होता, चेंडू उजवीकडे सरकला. म्हणजे त्याचा पट्टा इतका नीट ठेवलेला होता की चुकलेला चेंडूसुद्धा कोरड्यात राहिला. त्याचा फटका बघून जो हौशी खेळाडू पुढच्या रविवारी पाण्यावरच्या झेंड्याकडे नेम धरतो, त्यानं स्मिथचं अनुकरण केलंच नाही. स्मिथनं जे टाळलं, नेमकं तेच केलं.

माझ्या स्वतःच्या राउंडांत हे कसं उतरलं ते सांगतो. मी कार्डाच्या मागे प्रत्येक ग्रीनसाठी एक अक्षर लिहायला लागलो. चेंडू डावीकडे, उजवीकडे, आखूड की लांब. काही महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. बहुतेक आखूड. माझ्याबरोबर खेळणाऱ्या मित्रांच्याही वह्यांत तेच निघालं. आपण सात नंबरचा आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, उचलतो तेव्हा आयुष्यात तो सर्वांत लांब गेला ते अंतर डोक्यात असतं, नेहमीचं नसतं. आणि बंकर कुठे असतात? बहुतेक ग्रीनच्या अलीकडे. मैदान आखणाऱ्याला आपण कुठे चुकणार ते आधीच ठाऊक असतं. तेव्हापासून मी एक नंबर लांबचा क्लब घेतो आणि ग्रीनच्या मधोमध मारतो.

पुण्यात या हिशेबाला ऋतूही धरावा लागतो. मे महिन्यात फेअरवे टणक होतात, चेंडू पडून वीस-तीस यार्ड पळतो, आखूड मारलेला चेंडूही घरंगळत ग्रीनवर चढतो. जुलैत तोच चेंडू पडतो तिथेच राहतो, कधी चिखलात रुततो. रुतलेला चेंडू दंडाशिवाय उचलून ड्रॉप करता येतो, हा नियम अनेकांना माहीत नसतो आणि ते उगाच चिखलातून मारत बसतात. हरळीच्या रफमध्ये, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात, पावसाळ्यात चेंडू इतका खोल बसतो की तिथून लांब मारण्याचा विचारच करू नये. पावसाळ्यात माझा सगळा हिशेब ‘रफ कुठे नाही’ या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि मला हा ऋतू सगळ्यांत आवडतो.

कुणी विचारेल, मग लांब मारण्याला महत्त्व नाही का? आहे, आणि फार आहे. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी हजारो फटक्यांची मोजदाद करून दाखवलं की चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांत असतो. ‘ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) दिखाव्यासाठी, पुट पैशांसाठी’ ही जुनी म्हण आकड्यांपुढे टिकत नाही. त्यांच्याच पद्धतीनं २०११ पासून पीजीए टूर पुटिंग मोजू लागली.

आणि तरीही आपली गोल्फर अदिती अशोक आहे. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिकचा शेवटचा राउंड. संध्याकाळी नीरज चोप्रानं सुवर्ण जिंकलं तोच हा दिवस, पण त्या सकाळी गोल्फ म्हणजे काय हे माहीत नसलेली घरंही टीव्हीपुढे बसली होती. अदिती तेव्हा जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानावर होती, आई तिची कॅडी, म्हणजे बॅग उचलणारी मदतनीस, होती. ड्राइव्ह अमेरिकेच्या नेली कोर्डाच्या कितीतरी मागे. ग्रीनवर यायला तिला कोर्डापेक्षा लांबचे क्लब लागत. ती पुटरनं वाचवत राहिली आणि एका फटक्यानं पदक हुकलं. मी ब्रॉडींचे आकडे मानतो. अदितीच्या त्या चार दिवसांमुळे ते खोटे ठरत नाहीत. पण आपल्यापैकी ज्यांची लांबी आता वाढणार नाही, त्यांनी कुणाला बघायचं तर तिला. पुरुषांचे तीनशे यार्डांचे ड्राइव्ह बघण्यापेक्षा महिलांची टूर बघा. त्यांची अंतरं आपल्या जवळची असतात, हातात येणारे क्लबही आपल्याच जवळचे. हौशी पुरुष खेळाडू ही टूर फारशी बघत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

शक्य असेल तेव्हा प्रत्यक्ष जाऊन बघा. भारताची व्यावसायिक टूर, पीजीटीआय, २००६ मध्ये सुरू झाली. तिच्या स्पर्धा पुण्या-मुंबईतही झाल्या आहेत. टोकियोला गेलेला पुण्याचा उदयन माने याच टूरवर घडला. स्पर्धेला गेलात तर आघाडीवरच्या गटामागे धावू नका. मधल्या कुणातरी एका खेळाडूबरोबर अठरा होल चाला. कॅमेरा जे दाखवत नाही ते सगळं तिथे दिसतं. रफमधून निमूटपणे फेअरवेवर काढलेला चेंडू, अवघड झेंड्याकडे पाठ फिरवून मारलेला फटका, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, झाल्यावर पुढच्या होलच्या सुरुवातीला तीच संथ चाल.

आता ज्यांच्याकडून मी हे सगळं प्रथम ऐकलं त्यांच्याबद्दल. टीव्हीनं किंवा आकड्यांनी शिकवण्याच्या आधी मला हे एका कॅडीनं सांगितलं होतं. मी झेंड्याकडे नेम धरून उभा असलो की तो बॅगेवर हात ठेवून म्हणायचा, “साहेब, झेंडा सोडा. मधे टाका.” त्याला कारण विचारलं तर तो एवढंच म्हणायचा, “उजवीकडून कुणी वाचत नाय.” रोज चार माणसांचे चेंडू शोधणाऱ्यापेक्षा चेंडू कुठे चुकतात हे कुणाला जास्त कळणार?

भारतीय गोल्फचा इतिहास बघा. इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली, पहिली पीटर थॉमसननं जिंकली. १९६५ मध्ये बिल्लू सेठी यांनी जिंकली, आणि ते हौशी खेळाडू होते! त्यानंतर पुन्हा भारतीय विजेता मिळायला १९९१ साल उजाडलं. तो अली शेर, आधी कॅडी. २००९ मध्ये बंगळुरूचा मुनियप्पा, तोही आधी कॅडी. २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ चौरासिया, ज्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबच्या मैदानाची निगा राखत. फी भरून शिकलेल्यांच्या बरोबरीनं, कधी त्यांच्या पुढे, ही मुलं गेली. मैदान त्यांनी पायांनी शिकलेलं होतं.

आज अनेक क्लबांत सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं आणि कॅडी खेळतात. त्यांतले काही पारच्या आसपास खेळतात हे आपण सगळे जाणतो. पण त्यांचं कार्ड कुठेही नोंदलं जात नाही. हँडिकॅप नाही, म्हणून हौशी स्पर्धांत प्रवेश नाही. माझ्या १८ ची नोंद जागतिक पद्धतीत आहे, आणि मला खेळ शिकवणाऱ्याच्या दोनची किंवा तीनची नाही. हे बदलायला फार पैसा लागत नाही. सोमवारी कार्ड सही करून घ्यायचं, संगणकात भरायचं, नोंदणीचा खर्च क्लबानं उचलायचा. आमच्या क्लबाच्या पुढच्या सभेत मी तसा ठराव मांडतो आहे. मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. इथले जे सभासद आहेत त्यांनी वाचावा, पटला तर सही करावी, आणि दुसऱ्या क्लबांतल्यांनी एक प्रत घेऊन जावी.