ज्यांचं नाव घेतलं गेलं

(दृश्य : छताचं भोक, त्यातून उतरणारी छत्री)

ही छत्री नीट बघा. ‘रिफिफी’ चित्रपटातला हा प्रसंग. वरच्या मजल्यावर चौघं चोर जमीन फोडतायत. खाली पॅरिसमधल्या जवाहिऱ्याचं दुकान आहे. भोक जेमतेम पडलं, की त्यातून मिटलेली छत्री खाली सोडायची आणि तिथेच उघडायची. गिलाव्याचे तुकडे छत्रीत पडतात, फरशीवर कणही सांडत नाही. मग एक जण दोराने खाली उतरतो आणि चोरीचा इशारा देणाऱ्या भोंग्याच्या पेटीत अग्निशामकाचा फेस भरतो.

जवळजवळ अर्धा तास पडद्यावर संवाद नाही, संगीत नाही. ऐकू येते ती छिन्नी आणि माणसांची हालचाल.

संगीत खरं तर तयार होतं. संगीतकार जॉर्ज ऑरिक यांना दिग्दर्शकांनी हा प्रसंग दोन्ही प्रकारे दाखवला, संगीतासह आणि संगीताशिवाय. पाहून झाल्यावर ऑरिक यांनी स्वतःच आपलं संगीत काढायला लावलं.

१९५५ सालचा हा फ्रेंच चित्रपट, ‘रिफिफी’. दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन. नावावरून फ्रेंच वाटतात, पण माणूस अमेरिकन. १९११ मध्ये कनेक्टिकट राज्यात जन्मलेले, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेले.

(दृश्य : न्यूयॉर्कची गर्दी)

‘द नेकेड सिटी’, १९४८. स्टुडिओत उभारलेली गल्ली त्यांना नको होती. कॅमेरा गाडीत लपवला आणि खऱ्या रस्त्यावरची खरी माणसं टिपली. या गर्दीतल्या कितीतरी जणांना आपलं चित्रीकरण होतंय हे ठाऊकच नव्हतं.

(दृश्य : रात्रीचं लंडन)

डॅसिन १९३० च्या दशकात कम्युनिस्ट पक्षात गेले होते आणि १९३९ मध्ये बाहेरही पडले होते. पण हॉलिवूडमध्ये आता जुने हिशेब निघत होते. फॉक्स स्टुडिओचे प्रमुख डॅरिल झॅनक यांनी त्यांना ‘नाइट अँड द सिटी’ करायला घाईघाईने लंडनला धाडलं आणि सांगितलं, सगळ्यात खर्चिक दृश्यं आधी उरक, म्हणजे चित्रपट थांबवणं स्टुडिओला परवडणार नाही. ही पळापळ, हे अंधारे जिने त्याच चित्रपटातले.

१९५१ मध्ये एडवर्ड डिमिट्रिक आणि फ्रँक टटल या दोन दिग्दर्शकांनी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे डॅसिन यांचं नाव घेतलं. पुढची काही वर्षं हाताला काम नाही. फ्रान्समध्ये ठरलेला चित्रपटही शूटिंग तोंडावर आलं असताना गेला.

(दृश्य : पॅरिसचं ढगाळ आभाळ, ओले रस्ते)

‘रिफिफी’ मिळाला तो असा, तुटपुंज्या पैशांत. तरी हट्ट कायम होता. ऊन पडलं की कॅमेरा बंद, त्यांना राखाडी पॅरिसच हवं होतं. तिजोरी फोडणाऱ्या सीझरच्या भूमिकेसाठी ठरलेला नट आला नाही, तेव्हा ते स्वतः उभे राहिले. श्रेयनामावलीत नाव दिलं पर्लो विटा.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि तिथेच ग्रीक अभिनेत्री मेलिना मर्कुरी भेटल्या. पुढे लग्न, ग्रीस. १९६७ मध्ये तिथे लष्करशहा आले, मेलिनांचं नागरिकत्व गेलं आणि दोघं पुन्हा परागंदा झाले. २००८ मध्ये अथेन्समध्ये डॅसिन वारले, ९६ व्या वर्षी.

(दृश्य : नाइटक्लबची मागची बाजू)

आता ‘रिफिफी’तलाच हा प्रसंग. सीझरने दबावाखाली साथीदारांची नावं सांगितली आहेत. त्याला खांबाला बांधलंय. समोर पिस्तूल घेऊन त्याचाच साथीदार. बांधलेल्या माणसाचा चेहरा बघा, ते डॅसिन आहेत.

(निवेदन थांबते. दृश्य पूर्ण चालू द्यावे.)