दुपारी एक ते सहा

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत वेळ पाचची होती, आता सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत, म्हणजे आपण अगदी वेळेवर आहोत. तेवढ्यात स्वागतगीत झालं, माईक दोनदा बंद पडला आणि मागच्या रांगेत सावंतवाडीच्या एसटीवरून नेहमीचं भांडणही उरकलं. चहा यायचाय, तोवर माझं ऐकून घ्या.

गोव्यात शाळा सुटते एकच्या सुमारास. वेर्ण्याची कंपनी, पणजीचं ऑफिस, बांबोळीच्या हॉस्पिटलातली ड्युटी सुटायला संध्याकाळ होते. बाजाराची शटरं खाली येतात, गाव पाठ टेकतं आणि नेमकी तेव्हाच सहा ते बारा वर्षांची पोरं टक्क जागी असतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांचं निभतं. बाकीच्यांची मुलं दुपारच्या केंद्रात जातात, तिथे एक ताई असते.

अशाच एका केंद्रात गेल्या आठवड्यात नवी ताई रुजू झाली. एक सात वर्षांची मुलगी सरळ तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "तू किती दिवस आहेस?" नाव नंतर विचारलं. जून महिन्यापासून तिने पाहिलेली ही तिसरी ताई.

त्या प्रश्नात मला गंमत वाटली नाही. चिमुरडी काय बोलते बघा, म्हणून तो ग्रुपवर टाकून मोकळं होता येईल. पण त्या पोरीने अनुभवावरून हिशेब मांडला होता, आणि तो बरोबर होता.

तुम्ही म्हणाल, ताई बदलली तर एवढं काय, मुलांवर नजर तर ठेवायची असते. नजर म्हणजे काय, ते आज जरा फोडून सांगते.

मूल येतं तेव्हापासून सुरू करू. गाडीतून उतरताना मुलं मोजायची ती आकड्याने मोजायची नाहीत, नावाने हाक मारून मोजायची. आकडा फसवतो. वीसपैकी दोघं गाडीतच राहिली आणि शेजारची दोन खेळायला आली, तरी बेरीज वीसच येते. गाडीला कुलूप लावण्याआधी कुणीतरी शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन वाकून बघायचं, कारण दमलेलं मूल मागच्या सीटवर आडवं होतं, काचेतून दिसत नाही, आणि उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. हीच नावनिशी जेवणानंतर, मैदानावर जाताना आणि परत येताना.

मग जेवण. भांडणांपैकी बरीचशी जेवणाआधीच्या पंधरा मिनिटांत होतात, कारण पोटात सकाळच्या पाव-भाजीनंतर काही नसतं. म्हणून त्या वेळात पेपर कसा गेला हे विचारायचं नाही. हात साबणाने वीस सेकंद, घामाचा गणवेश उतरवायचा, पाणी, ताट. स्वयंपाकघराच्या भिंतीवर यादी हवी: कुणाला कोळंबी चालत नाही, कुणाला काजू, कुणाला शेंगदाणे. आपल्याकडे काजू कशात नसतो? डबे वाटून खायची आपली रीत चांगली, पण ज्याला ॲलर्जी आहे त्याच्या शेजारी ताईने बसायचं. आणि पहिली-दुसरीतल्या मुलाला मासळी काटे काढूनच द्यायची.

पावसाळ्यात यात भर पडते. ओले मोजे तासन् तास पायात राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मोजे काढून पाय पुसायचे, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. दाराबाहेर ठेवलेले बूट घालण्याआधी झटकायचे, त्यात काय शिरून बसलं असेल सांगता येत नाही.

झोपेबद्दल एक सांगते. दहा वर्षांच्या मुलाला जबरदस्तीने झोपवू नका. सहा वर्षांचं झोपेल, मोठ्यांना वीस-तीस मिनिटं शांत बसायला पुस्तक द्या. अर्धा तास झाला की त्यांना सोडा, नाहीतर ती लहानांनाही उठवतात. खेळ मात्र हवाच. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. एप्रिल-मेमध्ये साडेचारच्या आत मैदानावर काढायचं नाही, पावसात व्हरांड्यात दोरीउड्या, सागरगोटे, लंगडी, फरशी आधी कोरडी करून.

पडझड ठरलेली आहे. नाकातून रक्त आलं की आपल्यातला प्रत्येकजण मुलाची मान मागे करतो. ते चूक आहे, रक्त घशात उतरतं, पोटात जातं, उलटी होते. मान किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. कायमचा दात मुळासकट पडला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, घासायचा नाही, दुधात बुडवून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे. डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा मूल गुंगीत गेलं, तर वाट बघायची नाही, 108. आणि सगळं वहीत: वेळ, जागा, काय दिसलं, काय केलं. दोष कुणाचा ते लिहायचं नाही. आईवडिलांना त्याच दिवशी तोंडी सांगायचं, रात्री आंघोळीच्या वेळी त्यांना खरचटलेलं दिसायच्या आधी.

भांडण सोडवताना "आधी कुणी मारलं" हा प्रश्न बाद. त्याला दोन उत्तरं येतात आणि दोन्ही खरी असतात. दोघांना वेगळं करा, पाणी द्या, खाली बसून डोळ्यांच्या पातळीवर एकेकाचं दोन-दोन मिनिटं ऐका. "पळू नकोस" ऐवजी "चालत जा" म्हटलं तर मूल लवकर ऐकतं. नववं-दहावं वर्ष लागलेल्या मुलींपैकी काहींना पाळी येते, म्हणून कपाटात पॅड आणि कोरडे कपडे हवेत, आणि ते कुठे आहेत हे न विचारता कळायला हवं. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलासोबत बंद दाराआड एकटं थांबायचं नाही, मग ते काका कितीही जुने आणि चांगले असोत. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही ती पोलिसांपर्यंत न नेणं हा गुन्हा आहे. "घरातलं प्रकरण घरात" म्हणणारे या सभागृहातही असतील. मदतीसाठी 1098 हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मुलांच्या उंचीवर.

संध्याकाळी मूल सोडायचं तर फक्त यादीतल्या माणसाकडे. फोन आला की "भावाला पाठवतोय", तर आलेल्या नंबरवर विश्वास ठेवायचा नाही, वहीतल्या नंबरवर ताईने स्वतः फोन करून खात्री करायची. इथे आपली मंडळी रागावतात. "मला ओळखत नाहीस?" असं दारात उभं राहून विचारणारे मंडळाचे पदाधिकारीच असतात. नवी ताई घाबरते आणि मूल सोडते.

आता बघा, यातलं वहीत किती मावतं? यादी, नंबर, गोळी किती वाजता, हे मावतं. अमुक मुलगा गप्प झाला की त्याला ताप येणार, तमुक मुलगी "पोट दुखतंय" म्हणते तेव्हा तिला वर्गात कुणी चिडवलेलं असतं, हे वहीत येत नाही. ते ताईच्या डोक्यात साठायला दोन-तीन महिने लागतात, आणि साठेपर्यंत ती निघून गेलेली असते. म्हणून ती पोर आधी दिवस विचारते.

आपण म्हणतो, आमच्या वेळी कुणी सांभाळत नव्हतं, दुपारभर चिंचेखाली असायचो. खोटं आहे हो. वाडीतल्या दहा बायका सांभाळत होत्या. विहिरीकडे गेलात तर कुणाची हाक यायची आठवा. त्या बायकांना कुणी पैसे दिले नाहीत, त्यामुळे ते काम आहे हेच आपण विसरलो. आता तेच काम एकटी ताई करते आणि आपण दारात तिला पहिला प्रश्न विचारतो, "गृहपाठ झाला ना?" मूल जेवलं का, हसलं का, हा दुसरा प्रश्नही नसतो. सव्वासहाला येऊन "ट्रॅफिक होतं" म्हणतो. मांडवीवरच्या अटल सेतूवर आपण सगळेच असतो, पण तिची बस चुकली की पुढची कधी येईल ते तिलाच माहीत.

सरकारकडे बोट दाखवणं सोपं आहे, तेही दाखवते. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते. पण केंद्र सरकारची पाळणाघराची मानकं आणि पाळणा योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सहाव्या वाढदिवसानंतर मूल शाळेत जातं आणि दुपार कुणाच्याच फाइलमध्ये उरत नाही. कांपालच्या बालभवनात गाणं, नाच, चित्र उत्तम शिकवतात, पण ते वर्ग आहेत, एक ते सहाची सोय नव्हे.

म्हणून कार्यकारिणीत प्रस्ताव आलाय की हे सभागृह सोमवार ते शुक्रवार रिकामंच असतं, इथे केंद्र सुरू करू. टाळ्या नंतर वाजवा, आधी हिशेब ऐका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मानकं 6 ते 8 वर्षांच्या दहा मुलांमागे एक आणि 9 ते 12 वर्षांच्या बारा मुलांमागे एक मोठं माणूस सांगतात. आपण वीस मुलं धरू, दोन ताई. समजा महिना तीन हजार रुपये फी, जमा साठ हजार. दोन ताईंना प्रत्येकी अठरा हजार, म्हणजे छत्तीस हजार. एक आजारी पडली तर येणारी तिसरी, आठ हजार. खाणं वीस मुलांचं, दिवसाला चाळीस रुपये, बावीस दिवस: सतरा हजार सहाशे. झाले एकसष्ट हजार सहाशे. वीज, साबण, प्रथमोपचाराची पेटी अजून धरलेली नाही.

फी वाढवली तर ज्यांना सर्वात जास्त गरज आहे तेच गळतील. आपल्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मुलगाही दुपारी मोकळाच असतो, त्याचं नाव या वीसांत आहे का, हे कुणी विचारलेलं नाही. पगार कमी केला तर ऑक्टोबरात पर्यटक येऊ लागतात, हॉटेलांना माणसं लागतात, आणि ताई तिकडे जाईल. मी तिच्या जागी असते तर मीही गेले असते.

गणपतीच्या वर्गणीला हात सैल असतो आपला, मखराला तर विचारूच नका. पण दर महिन्याचे हे वरचे पैसे वर्षभर कुठून आणायचे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. खजिनदारांनाही विचारून झालं, ते चहाचं बघायला गेले आहेत.