लोकलच्या टपावर पवनचक्क्या का लावत नाहीत? वीज तयार होताना नेमकं काय होतं

नमस्कार मंडळी. टेबलावरचा पसारा बघून घ्या: दोन छोट्या पिवळ्या गिअरच्या मोटरी, थोडी वायर. लॅमिंग्टन रोडवरून आणल्यात. थोड्या वेळाने लागतील.

सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलरचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतोय. "ताई, लोकल एवढ्या जोरात धावते, टपावर छोट्या पवनचक्क्या लावल्या तर गाडी फुकटात चालेल ना?" दुसरं कुणी विचारतं, "गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं, त्या पाइपात टर्बाइन बसवलं तर?" तिसऱ्याने तर मोटर आणि डायनामो एकमेकांना जोडून कायम चालणाऱ्या यंत्राची लिंकच पाठवली. म्हणून आज हा विषय.

आधी पटकन पाया. पाणी, वारा, बायोगॅस, जमिनीखालची उष्णता, समुद्राची भरती-ओहोटी, या सगळ्यांत शेवटी एक दांडा फिरतो. धरणाचं पाणी टर्बाइन फिरवतं, वारा पाती फिरवतो, बायोगॅस इंजिनात जळतो, जमिनीखालची वाफ टर्बाइनवर सोडतात. कोळशाच्या केंद्रातही तेच, फक्त वाफ कोळशावर होते. दांड्याबरोबर चुंबक फिरतो, भोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, तारेत वीज. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं. शाळेत झालंय, मी थांबत नाही. सोलर एकटंच वेगळं, त्याच्याकडे शेवटी येते.

थांबायचंय ते पुढच्या पायरीवर. दांडा फिरला की वीज मिळते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वीज घ्यायला लागलं की तोच दांडा फिरवायला जड होतो, हे हाताला कधी जाणवलेलंच नसतं.

लहानपणी आम्ही लालबागला राहायचो. बाबांच्या सायकलला बाटलीसारखा डायनामो होता, मागच्या टायरवर टेकणारा. करी रोडच्या पुलाचा चढ आला की बाबा तो टायरवरून बाजूला करायचे आणि अंधारातच चढ चढायचे. मला वाटायचं, घासल्यामुळे जड जात असेल. एकदा सायकल स्टँडवर लावली, डायनामो टायरला टेकवला आणि हाताने पेडल फिरवलं. मग दिव्याची तार काढली. चाक चांगलंच सुटलं! परत जोडली, हाताला ओढ लागली. डायनामो तसाच टेकलेला, टायर तोच, घर्षण तेच. फरक फक्त दिव्याचा. माझ्या हाताची ताकद त्या दिव्यात जात होती आणि ती मला बोटांत कळत होती. तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

असं का होतं? वेटोळ्यातून वीज वाहायला लागली की ते वेटोळं स्वतःच चुंबकासारखं वागतं आणि फिरणाऱ्या चुंबकाला उलट जोर लावतं. जितकी जास्त वीज घ्याल तितका उलटा जोर जास्त. लेंझचा नियम, 1834. हा उलटा जोर म्हणजे यंत्रातला दोष समजू नका. त्याच्याशी झगडतानाच आपली मेहनत विजेत उतरते. जोरच लागला नाही, तर वीज येणार कुठून?

आता लोकल. टपावर पवनचक्की लावली, ती वाऱ्याने फिरली, वीज घेतली. घेतली म्हणजे पाती जड झाली, वाऱ्याला अडवायला लागली. हा वारा आणला कुणी? गाडीने, स्वतः धावून. म्हणजे गाडीला तेवढं जास्त ओढावं लागणार, तिच्या मोटरी ओव्हरहेड वायरमधून जास्त वीज खाणार. आणि पात्यांत, जनरेटरमध्ये थोडं वाया जातंच, म्हणून खर्च कमाईपेक्षा नेहमीच मोठा. पंख्यांची संख्या वाढवली तर नुकसान वाढतं, एवढाच फरक पडेल.

पण याच लोकलमध्ये खरी गोष्ट घडते, आणि ती तुम्ही रोज अंगावर घेता. नव्या गाड्यांच्या मोटरी ब्रेक लावताना जनरेटर होतात. चाकं मोटर फिरवतात, वीज तयार होते, ती 25,000 व्होल्टच्या वायरमध्ये परत जाते आणि जवळपासची दुसरी गाडी ती वापरते. इथे वीज घेणं परवडतं, कारण आपल्याला गाडी थांबवायचीच आहे. दादरला गाडी शिरताना तोल पुढे जातो ना, त्यातला मोठा वाटा याच उलट्या जोराचा.

टाकीचा हिशेब करू. सात मजली इमारत, 20 मीटर उंची, 1000 लिटर पाणी. सगळंच्या सगळं खाली सोडून काहीही वाया न घालवता वीज केली, तर 0.05 युनिटच्या थोडी वर. 9 वॉटचा एलईडी दिवा सहा तास. तेच पाणी वर चढवायला सोसायटीच्या पंपाने त्याहून जास्त वीज घेतलेली असते. शिवाय पाइपातला जोर टर्बाइनने खाल्ला, तर खालच्या मजल्यांच्या नळाला काय उरणार?

मग खोपोलीच्या जलविद्युत केंद्राला कसं जमतं? तिथे पाणी वर चढवायचं बिल सूर्य आणि पाऊस भरतात. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांत पावसाळा साठतो आणि घाटमाथ्यावरून जाड लोखंडी पाइपांतून सुमारे 500 मीटर खाली येतो. तेच 1000 लिटर तिथे एका युनिटहून थोडी जास्त वीज देतात. 1915 मध्ये हे केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या कापड गिरण्या या विजेवर चालल्या. नंतर 1922 ला भिवपुरी, 1927 ला भिरा. कोलाडला राफ्टिंगला जाणाऱ्यांनो, कुंडलिकेचं ते पाणी भिऱ्याहून वीज करून सोडलेलं असतं, म्हणून तुम्हाला सकाळीच बोलावतात. भिऱ्याला पाणी मुळशीच्या धरणाचं, आणि त्या धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याच्या पुढे होते. स्वच्छ विजेबद्दल बोलताना मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भिऱ्याला आणखी एक सोय आहे. मागणी कमी असताना पाणी परत वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी सोडायचं. अशा केंद्रांत शंभर युनिट खर्चून साधारण 75 ते 80 परत मिळतात. तो तोटा समजून-उमजून सोसतात, कारण संध्याकाळी सात वाजताचं युनिट रात्री दोनच्या युनिटपेक्षा मोलाचं असतं.

आता ती कायम चालणाऱ्या यंत्राची लिंक. यावर मी चिडते, त्याला कारण आहे. बदलापूरच्या माझ्या मामांनी 'बिनइंधनाचा जनरेटर' म्हणून 40,000 रुपये मोजले. दाखवताना दोन बल्ब छान पेटले. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी बंद. उघडून पाहिलं तर तळाच्या पेटीत बॅटरी, संपलेली. मामा रिटायर झालेले, पैसे परत आले नाहीत. कृपा करून असे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पुढे ढकलू नका. कुणी विकायला आलंच तर एकच विचारा: बल्ब लावल्यावर दांडा जड झाला, तो जोर कोण लावतंय?

वारासुद्धा याच हिशेबात बसतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर पाती संथ वाटतात, गिअर लावून जनरेटर वेगात फिरवतात. पाती वाऱ्याची गती कमी करतात, तीच कमाई. पण सगळी गती काढून घेतली तर हवा पात्यांमागेच थांबेल आणि नवा वारा येणार नाही. म्हणून कितीही उत्तम पवनचक्की वाऱ्यातली 59 टक्क्यांच्या आसपासच ताकद घेऊ शकते. आणि वारा निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश होते, म्हणून ती आपल्या बाल्कनीत लावून उपयोग नाही.

सोलरमध्ये काहीच फिरत नाही. सिलिकॉनच्या एका बाजूला किंचित फॉस्फरस, दुसऱ्या बाजूला बोरॉन मिसळलेलं असतं. उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि दोन थरांच्या सांध्यावर जो विद्युत दाब असतो, तो त्याला एकाच दिशेने ढकलतो. ही डीसी वीज, इन्व्हर्टर तिची घरातली, दिशा बदलत राहणारी एसी करतो. "उन्हाळ्यात पॅनेल तापलं की जास्त वीज ना?" नाही. उजेड हवा, उष्णता नको. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. गच्चीवर पॅनेल 60 अंशांवर गेलं की दहा-बारा टक्के गेलीच. आणि बघा, हिशेब इथेही सुटत नाही: वीज घेत असलेलं पॅनेल, तसंच तोडून ठेवलेल्या पॅनेलपेक्षा किंचित थंड राहतं. जी ऊर्जा तारेतून गेली, ती पॅनेल तापवायला उरली नाही.

आता या दोन मोटरी. एकीच्या दोन्ही तारा दुसरीच्या दोन्ही तारांना जोडल्यात. बॅटरी नाही. ही मी हाताने फिरवते... ती बघा, फिरायला लागली. आता माझा भाचा तिचा दांडा चिमटीत धरून थांबवतोय. अरे, घट्ट धर. माझ्या बोटांकडे बघा, माझीवाली लगेच जड झाली. मध्ये फक्त वायर आहे, पण त्याची चिमूट मला इथे लागतेय. मोटर विकत घ्याल तेव्हा दोन घ्या, घरातल्या मुलांच्या हातात द्या, आणि कुणाला किती जड लागलं ते खाली लिहा.