मुंबईचा मुख्यमंत्री, बेंगळूरचा मुख्यमंत्री आणि मधलं बेळगाव

नमस्कार मंडळी. बेळगावातून मुंबईला निघा नाहीतर बेंगळूरला, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरच्या आसपासच पडतं. आणि आमच्या जिल्ह्यावर राज्य या दोन्ही गावांतून झालंय, आधी मुंबईतून आणि मग बेंगळुरातून. मुख्यमंत्रीपदाची हिस्टरी म्हटलं की लोक नुसती नावांची यादी वाचतात. आपण ती बेळगावात उभं राहून बघूया, कारण निवडणूक न होता एका रात्रीत मुख्यमंत्री बदलला, हे आमच्या आज्ज्या-पणज्यांनी बघितलंय.

सुरुवात 1937 ची. 1935 च्या कायद्याने प्रांतांना स्वतःचं मंत्रिमंडळ मिळालं, बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात. पहिले तीन-चार महिने धनजीशा कूपर होते, मग जुलैत बाळासाहेब खेर आले. तेव्हा या पदाला प्रीमियर म्हणायचे. भारताला न विचारता इंग्रजांनी महायुद्धात ओढलं म्हणून 1939 मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, 1946 ला खेर परत आले, आणि 1952 पासून मोरारजी देसाई.

तिकडे म्हैसूर संस्थानाची (बेंगळूर त्यातच) गोष्ट वेगळीच. तिथं राजाचा दिवाण कारभार बघायचा. लोकांनी आंदोलन केलं तेव्हा कुठे 25 ऑक्टोबर 1947 ला के. सी. रेड्डी पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्यानंतर केंगल हनुमंतय्यांनी बेंगळुरात विधानसौध, म्हणजे विधानसभेची इमारत, बांधायला घेतला, तो 1956 मध्ये पुरा झाला. म्हणजे ज्या इमारतीतून पुढे आमचा कारभार चालायचा होता ती बांधली जात होती तेव्हा आमचा आमदार मुंबईत बसत होता!

मग 1 नोव्हेंबर 1956, भाषेप्रमाणे राज्यांची फेररचना झाली तो दिवस. त्या दिवशी मुंबईत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि बेंगळुरात एस. निजलिंगप्पा, दोघंही एकाच दिवशी. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. आता वेंगुर्ला रोडनं जाऊन बघा, बाची आणि शिनोळी अगदी लागून आहेत, सोयरीक इकडून तिकडे, बाजार सगळ्यांचा बेळगावचाच, पण बाचीतल्या माणसाचं गाऱ्हाणं बेंगळूरच्या मुख्यमंत्र्याकडे आणि शिनोळीतल्याचं मुंबईच्या. मराठी माणूस इथं अजून 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरी निघते, ती या दिवसासाठी.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो बी. डी. जत्तींचा प्रवास. माणूस जमखंडी तालुक्यातल्या सावळगीचा, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, वकिली जमखंडीत. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात ते मुख्य मंत्री झाले, संस्थान विलीन झाल्यावर मुंबई सरकारात खेरांचे संसदीय सचिव, मोरारजींच्या काळात उपमंत्री, आणि 1958 मध्ये थेट म्हैसूरचे मुख्यमंत्री. पुढे उपराष्ट्रपती, आणि 1977 मध्ये काही महिने प्रभारी राष्ट्रपतीसुद्धा. संस्थान, मुंबई, बेंगळूर, तिन्ही दरबार आतून बघितलेला असा दुसरा माणूस शोधून दाखवा. ते कन्नड भाषिक होते, तरी या भागाची माणसं किती सहज दोन्हीकडे वावरायची हे त्यांच्याकडे बघून कळतं.

1962 ला निजलिंगप्पा निवडणूक हरले, म्हणून एस. आर. कंठींनी तीनेक महिने खुर्ची सांभाळली. देवराज अर्स यांच्या काळात 1973 ला राज्याचं नाव कर्नाटक झालं.

आणि 1989 विसरून चालणार नाही. मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई म्हणत होते मी सभागृहात बहुमत सिद्ध करतो, राज्यपालांनी ऐकलं नाही, सरकार बरखास्त. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि 1994 ला निकाल आला की बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं. आज देशात कुठंही सरकार डळमळलं की बोम्मई केसचं नाव निघतं. पुढे 2021 मध्ये त्यांचा मुलगा बसवराज बोम्मई त्याच खुर्चीवर बसला.

बेळगावात विधिमंडळाचं पहिलं अधिवेशन भरलं 2006 ला, कुमारस्वामी मुख्यमंत्री असताना. मग हलग्याजवळ हायवेच्या कडेला सुवर्ण विधानसौध उभा राहिला, 11 ऑक्टोबर 2012 ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उद्घाटन केलं. बहुतेक वर्षी हिवाळ्यात दहा-बारा दिवस अख्खं मंत्रिमंडळ इथं असतं, हॉटेलं फुल, रस्त्यावर पोलीसच पोलीस, मोर्चे, आणि त्याच वेळी बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, त्याला परवानगी द्यायची की नाही यावरून दरवर्षी ताणाताणी. अधिवेशन संपलं की मंत्री गेले, सचिव गेले, फाइली पण त्यांच्यासोबत बेंगळूरला.

सीमाभाग कुणाचा, हा महाराष्ट्राचा दावा 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल झाला. त्याचा निकाल कोर्ट देईल तेव्हा देईल. पण मुख्यमंत्री कुणीही असो, आमच्या दोन मागण्या जुन्याच आहेत आणि मनापासून आहेत: सरकारी परिपत्रकं कन्नडबरोबर मराठीतही द्या, आणि खानापूरच्या शेतकऱ्यानं मराठीत लिहिलेला अर्ज काउंटरवर परत करू नका. आणि एवढा मोठा सौध बांधलाच आहे तर मुख्यमंत्र्यांचं एक ऑफिस तिथं वर्षभर चालू ठेवा, म्हणजे एका सहीसाठी रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडायला नको.