बर्लिनमधली एक खाट

[वार्शाउअर श्ट्रासे स्थानक, शुक्रवारची संध्याकाळ. पुलावर गर्दी, ट्रॉली बॅगांची खडखड.]

बर्लिनमध्ये स्वस्तात राहायचं ठरवलं की खोलीचा विचार सोडून द्यायचा. हॉस्टेलात तुम्ही विकत घेता ती फक्त खाट. सहा, आठ किंवा बारा जणांच्या खोलीतली, म्हणजे डॉर्ममधली, एक खाट, तिच्याखाली लॉकर, डोक्याशी छोटा दिवा आणि एक सॉकेट. बाकी सगळं सामायिक. आरसा, बेसिन, खिडकी, आणि कुणाचं तरी घोरणंसुद्धा.

या खाटेला ठरलेला दर नाही. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी ती वीस-पंचवीस युरोंना मिळते. शुक्रवार-शनिवारी वर जाते. सप्टेंबरच्या शेवटी मॅरेथॉन असते, फेब्रुवारीत चित्रपट महोत्सव असतो, ३१ डिसेंबरला सगळं युरोप इथे नाचायला येतं. तेव्हा गणपतीच्या आदल्या दिवशी जास्वंदीचं जे होतं तेच या खाटेचं होतं. खाट तीच, गादी तीच, दर दुप्पट-तिप्पट.

[रिसेप्शन. काउंटरवर फॉर्म आणि पेन.]

दाखवलेला दर आणि हातात पडलेलं बिल यांत फरक दिसला तर दचकू नका. बर्लिन शहर मुक्कामावर कर घेतं. २०१४ पासून तो ५ टक्के होता, २०२५ च्या जानेवारीपासून ७.५ टक्के झाला. टॉवेल हवा, पैसे. कुलूप आणलं नाही, पैसे. न्याहारी, पैसे. चादर आणि अभ्रा बहुतेक ठिकाणी दरातच असतो, तरी बुकिंग करताना बारीक अक्षरांतला मजकूर वाचलेला बरा.

मग हा फॉर्म. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, सही, पासपोर्ट समोर ठेवायचा. जर्मन नागरिकांना २०२५ पासून हा फॉर्म भरावा लागत नाही. आपल्याला लागतो.

[डॉर्म. पडदे ओढलेल्या दुमजली खाटा.]

वरची खाट की खालची, यावर अनुभवी माणसं वाद घालत नाहीत. खालचीच घ्यायची. शिडीच्या पायऱ्या लोखंडी नळ्यांच्या असतात आणि रात्री अनवाणी उतरताना तळव्यांत रुततात. तोटा एकच, वरचा माणूस कुशीवर वळला की अख्खा सांगाडा हलतो, आणि खालच्याला वाटतं आपणच हललो.

रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होते. जर्मनीत ही वेळ लोक खरोखर पाळतात. डॉर्ममधला मोठा गुन्हा घोरणं हा नाहीच. घोरणाऱ्याला लोक माफ करतात, बिचारा झोपेत असतो. माफी नाही ती पहाटे पाच वाजता प्लास्टिकच्या पिशवीत हात घालणाऱ्याला. चर्र, चर्र, मग थोडा वेळ शांतता, मग पुन्हा चर्र. ज्याला सकाळची गाडी गाठायची आहे त्याने बॅग रात्रीच भरून दाराशी ठेवावी. एवढं केलंत तर बारा माणसं तुम्हाला दुवा देतील.

दुसरं भांडण खिडकीचं. जर्मन माणसाला उणे दोन तापमानातही खिडकी थोडी तिरकी उघडी लागते. आपल्याकडचा माणूस कानटोपी घालून पडलेला असतो आणि ती बंद करायला उठतो. रात्रभर खिडकी उघडते, मिटते. बोलत कुणीच नाही.

घरच्यांना आधीच सांगून ठेवण्यासारख्या दोन गोष्टी. ‘मिक्स्ड डॉर्म’ म्हणजे स्त्री-पुरुष एकाच खोलीत, आणि इथे तेच सर्रास असतं. फक्त मुलींची खोली हवी असेल तर ती वेगळी निवडावी लागते, बहुधा थोडे जास्त पैसे भरून. दुसरी गोष्ट, संडासात जेट नसतो. पाण्याची रिकामी बाटली सोबत ठेवायची. याहून जास्त काही सांगायला नको.

[जुनं छायाचित्र. डोंगरावरचा किल्ला.]

हा सगळा प्रकार सुरू झाला एका शाळामास्तरामुळे.

रिचर्ड शिरमान. पश्चिम जर्मनीत आल्टेना नावाच्या छोट्या औद्योगिक गावात शिक्षक. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या मुलांना चार भिंतींत कोंडून काय शिकवायचं, म्हणून हे गृहस्थ त्यांना घेऊन रानावनातून पायी हिंडायचे. २६ ऑगस्ट १९०९ ला अशाच एका लांबच्या पदयात्रेत, ब्रोल नदीच्या खोऱ्यात, वादळाने त्यांना गाठलं. आसरा मिळाला तो सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका शाळेत. बाकं बाजूला सरकवली, जमिनीवर पेंढा पसरला, मुलं झोपली. मास्तर मात्र जागे होते. विजा कडाडत असताना त्यांच्या डोक्यात हिशेब चालू होता. सुट्टीत देशभरातल्या शाळा रिकाम्या असतात. एका दिवसाच्या चालीवर एक, अशा अंतराने त्या मुलांच्या मुक्कामाला मिळाल्या तर?

१९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यातच कायमचं युथ हॉस्टेल उभं राहिलं. जगातलं पहिलं. तिथल्या जाड लाकडाच्या तीनमजली खाटा आजही संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. किल्ला आणि रात्रीचा मुक्काम म्हटल्यावर आपल्याकडच्या ट्रेकरांचे कान टवकारले असतील. वायएचएआयचं (युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचं) कार्ड ज्यांनी खिशात बाळगलंय, त्यांच्या संस्थेचं मूळ याच किल्ल्यात आहे.

[१९२०-३० च्या दशकातली छायाचित्रं. बटाटे सोलणारी मुलं.]

त्या काळच्या हॉस्टेलांचा स्वस्तपणा नीट पाहायला हवा. नोकर नव्हते. हॉस्टेल चालवायचं एक जोडपं, त्यांना मुलं हॉस्टेलचे आई-वडीलच म्हणायची. झाडू मारायचा मुलांनी, भांडी घासायची मुलांनी, बटाटे सोलायचे मुलांनी. झोपायची पिशवी घरून आणायची. मुक्काम स्वस्त होता, कारण पाहुणाच कामकरी होता.

ही कल्पना भराभर पसरली. १९३२ मध्ये अॅमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, शिरमान तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी हिटलर आला आणि जर्मनीतली हॉस्टेलं नाझींच्या युवक संघटनेच्या ताब्यात गेली. १९३६ मध्ये शिरमान यांना आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदही सोडावं लागलं. युद्धानंतर त्यांनी उद्ध्वस्त झालेलं हे जाळं पुन्हा विणायला मदत केली. १९६१ मध्ये ते गेले.

[आजचं बर्लिन. पूर्वेकडच्या जुन्या इमारती.]

आज बर्लिनमध्ये दिसतात ती बहुतेक हॉस्टेलं मात्र त्या मास्तरांच्या वंशातली नव्हेत. १९८९ मध्ये भिंत पडली. पूर्व बर्लिनमध्ये रिकाम्या इमारती पडून होत्या, मालकी कुणाची याचे वाद चालू होते, भाडी नगण्य होती. नव्वदच्या दशकात मिटे, प्रेन्झलाउअर बेर्ग, फ्रीडरिशहाइन या भागांत तरुणांनी हॉस्टेलं काढली. मग स्वस्त विमानं आली. २००४ मध्ये इझीजेटने शोनेफेल्ड विमानतळावर आपला तळ केला आणि युरोपभरची पोरं शनिवार-रविवारपुरती इथे उतरू लागली. शहराचं नाव झालं, भाडी वाढली. फरसबंदीवरून रात्री-अपरात्री खडखडत जाणाऱ्या ट्रॉली बॅगांचा क्रॉइत्सबेर्गमधल्या रहिवाशांना इतका उबग आला की त्यांच्याविरुद्ध भिंतींवर स्टिकर लागले.

हॉस्टेलं आता साखळी कंपन्यांची झाली आहेत. चारशे, सहाशे, हजार खाटांची. स्वस्तपणाचं गणितही बदललं. पाहुण्याच्या मेहनतीची जागा आता एका खोलीत किती खाटा बसतात या हिशेबाने घेतली. आणि मोठ्या हॉस्टेलांनी सर्वांत आधी कशावर कुऱ्हाड चालवली असेल, तर ती स्वयंपाकघरावर. स्वयंपाकघर पैसे मिळवून देत नाही. त्या जागेत बार काढला तर तो देतो.

माझं मत विचाराल तर हॉस्टेल निवडताना फोटोतल्या गाद्या पाहू नका, स्वयंपाकघर आहे का ते पाहा. नसेल तर ते नुसतं दाटीवाटीचं हॉटेल. दिवसाकाठी दोन वेळा बाहेर खाल्लंत तर खाटेवर वाचवलेले पैसे तिथेच गेले.

[तळमजल्यावरचं स्वयंपाकघर. रविवार, संध्याकाळचे साडेसात.]

हे असं एक स्वयंपाकघर. चार शेगड्या, त्यांतल्या तीन चालू. शेगडीला टायमर आहे, वीस मिनिटांनी ती आपोआप बंद पडते, म्हणजे राजमा विसरा. एक सुरी, तिने टोमॅटो कापला जात नाही, चिरडला जातो. किटलीच्या तळाशी पांढरा थर. बर्लिनचं पाणी शहराच्या पोटातल्या विहिरींमधून येतं, नळाचं बिनधास्त प्यावं, पण ते जड आहे. चहावर तवंग येतो.

फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि जायची तारीख. तारीख उलटली की पिशवी कचऱ्यात. नाव नसेल तर तीही. आणि ही कोपऱ्यातली फळी, हिच्यावरचं कुणीही घ्यावं. अर्धा पुडा पास्ता, तळाशी गेलेलं तेल, मीठ, न उघडलेला मोहरी सॉस, आणि कुणीतरी सोडून गेलेली हळदीची पुडी. हिच्यावरून आपलं माणूस येऊन गेलं हे कळतं. नाहीतरी ओट्यावरचा पिवळा डाग कळवतोच.

आज रविवार, त्यामुळे शहरातली दुकानं बंद. रेल्वे स्थानकातली तेवढी उघडी. ज्याने शनिवारी सामान भरलं नाही तो आज या फळीवर जगतो.

शेगडीपाशी उभी आहे ती मुलगी नाशिकची. मसूर डाळ इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळते आणि वीस मिनिटांच्या टायमरात शिजतेही. प्रश्न फोडणीचा. छताला स्मोक डिटेक्टर आहे. मोहरी तडतडून मिरचीचा ठसका उठला की घंटा वाजणार, अख्खी इमारत रस्त्यावर, दारात अग्निशमन दलाची गाडी, आणि त्याचा खर्च फोडणी देणाऱ्याच्या माथी. म्हणून तेल मंद आचेवर, खिडकी सताड उघडी, मिरची वगळलेली, आणि हिंग चिमटीभर. हिंगाची डबी तीन पिशव्यांत गुंडाळून लॉकरात असते. तरी खोलीतली स्पॅनिश मुलगी रोज विचारते, हा वास कसला.

शेजारी रोमानियातून आलेले दोन बांधकाम कामगार अंडी फोडताहेत. पलीकडे ब्राझीलचा एक मुलगा, रात्री सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो, स्वतः मात्र ब्रेड खातोय. पर्यटक असे इथे दोनच, आणि ते नकाशा पसरून बसलेत. स्वस्त हॉस्टेल हे सहलीचं ठिकाण, असं जाहिरातीत दिसतं. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात आलात तर कळतं की निम्मी माणसं घर मिळेपर्यंत थांबलेली आहेत.

फोन वाजतो. “अगं, जेवलीस का?” “आई, पाच मिनिटांत शेगडी बंद होईल, थांब.”

[मुलगी लॅपटॉपसमोर. खोल्यांच्या जाहिराती.]

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये २०२२-२३ पासून भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर, सगळीकडून मुलं येतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. या आकड्यात बर्लिनमधलं भाडं, विमा आणि जेवण बसवायचं. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या लांबलचक. म्हणून पहिला मुक्काम हॉस्टेलात.

इथे खरी गोम आहे. जर्मनीत घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. आनमेल्डुंग. त्यासाठी तुम्ही तिथे राहता असा घरमालकाचा लेखी दाखला लागतो, आणि हॉस्टेल तो सहसा देत नाही. पत्त्याची नोंद नाही म्हणून करक्रमांक घरी येत नाही, करक्रमांक नाही म्हणून अर्धवेळ नोकरीच्या पगारातून जास्त कर कापला जातो, आणि पगारपत्रक दाखवल्याशिवाय घरमालक खोली देत नाही. त्यात अनेक हॉस्टेलांत सलग दोन आठवड्यांहून जास्त राहू देत नाहीत. मग ट्रॉली ओढत दुसऱ्या हॉस्टेलात, तिथून तिसऱ्या.

याच घाईचा फायदा घेणारे आहेत. सुंदर खोली, कमी भाडं, मालक सध्या परदेशात, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. किल्ली येत नाही. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, मग हॉस्टेलात आणखी चार रात्री काढाव्या लागल्या तरी बेहत्तर.

[सोमवार सकाळ. जिना. शाळेच्या मुलांचा गलका.]

बव्हेरियातून शाळेची सहल आली आहे. दोन शिक्षिका, पन्नासेक मुलं, आज संसदेचा काचेचा घुमट, उद्या भिंतीचे अवशेष. शिरमान मास्तरांचं गिऱ्हाईक तेवढं अजून टिकून आहे. बटाटे मात्र आता कुणी सोलत नाही. न्याहारीच्या टेबलावर आपली बशी उचलून ट्रॉलीत ठेवायची, आणि जाताना चादर, अभ्रा, दुलईची खोळ काढून खाली पेटीत टाकायची, एवढंच पाहुण्याकडे उरलं आहे. तेही सगळे करत नाहीत.

खोली दहापर्यंत सोडायची असते, काही ठिकाणी अकरापर्यंत. गाडी रात्रीची असेल तर सामान तळघरात ठेवता येतं. तिथल्या लॉकरांना बहुधा नाणंच लागतं, कार्ड चालत नाही, आणि रिसेप्शनवर सकाळी सुटे मागणाऱ्यांची रांग असते. एक आणि दोन युरोची नाणी आदल्या रात्रीच जमवून ठेवा.